कुत्र्यासकट

४ फेब्रुवारी

जुन्या मालकांनी घर विकलं आणि आज नवे मालक स्वतः येऊन गेले. माणूस वाईट नाही. चहा घेतला, गळकी खिडकी दुरुस्त करून देतो म्हणाले, आणि मग इतक्या हळू आवाजात बोलायला लागले की मला वाटलं कोणी तरी वारलं असावं. "तुम्ही राहा. वाटेल तितकी वर्षं राहा. फक्त हे नको."

हे म्हणजे ठोंब्या. तो त्या वेळी मालकांच्या बुटावर हनुवटी ठेवून घोरत होता. चहा संपला तरी ते उठेनात, तेव्हा मी मनात म्हटलं, घर फारच आवडलेलं दिसतंय. मग लक्षात आलं की बूट हलवायची त्यांची छाती होत नव्हती. मी ठोंब्याला बाजूला ओढलं तसे ते उठले आणि दारातून म्हणाले, महिनाअखेरपर्यंत त्याची सोय करा, नाहीतर दोघांची करा.

ठोंब्या पिटबुल आहे. हा शब्द उच्चारला की लोक आधी माझ्या हातापायांकडे बघतात, सगळी बोटं जागेवर आहेत ना म्हणून. मी तरी कोण मोठी शहाणी? मुलाने त्याला कुणाच्या तरी साखळीतून सोडवून घरी आणलं, त्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसले होते आणि आतून ओरडत होते, या घरात तो राहील नाहीतर मी. मुलाने त्याचं काही तरी परदेशी नाव ठेवलं होतं. ते माझ्या जिभेला कधी वळलं नाही. ठोंब्यासारखा दिवसभर पडून असायचा, म्हणून ठोंब्या. पुढे मुलगा नोकरीसाठी गेला आणि घरात तो आणि मीच राहिलो.

६ फेब्रुवारी

मुलाला फोन केला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. कामात होता बिचारा. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, आता तू नेशील का त्याला? म्हणाला, "आई, आत्ता कसं जमेल? इथलं घर म्हणजे काडेपेटी आहे. जरा स्थिरस्थावर झालो की नेतोच." खरंच आहे त्याचं. नवं शहर, नवी नोकरी. नवी म्हणजे आता चौथं वर्ष लागलं, पण मोठ्या शहरात वेळ लागतोच. तोवर त्याची ठेव म्हणून आपण सांभाळायची.

रोज सकाळी मी त्याला ठोंब्याचा फोटो पाठवते आणि तो उलट एक अंगठा पाठवतो. काल गडबडीत फोटो राहिला. त्यानेही काही विचारलं नाही. कामात असणार.

१० फेब्रुवारी

एजंट मिळाला आहे. टक्कल पडलेला, गोडबोल्या, एक फोन कानाला आणि एक हातात. मालकांशी माझ्यासमोरच बोलतो. किती माणसं? एकट्याच बाई. वा! नोकरी? दातांच्या लॅबमध्ये, बरीच वर्षं. छानच! आणि एक कुत्रा आहे. कुठला? इथे फोन बंद पडला की काय असं वाटावं इतकी शांतता होते.

आज एका ठिकाणी मालकीणबाई इतक्या प्रेमळ होत्या की मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेल्या. म्हणाल्या, इथे खुर्ची टाकून बसायला छान आहे. मी ठोंब्याचा फोटो दाखवला. माझा हात त्यांच्या हातातून कधी सुटला ते मला कळलंही नाही. मी सांगितलं, तो मिक्सरला घाबरतो हो, मिक्सर लावला की पलंगाखाली जातो. त्या म्हणाल्या, बातम्यांमध्येसुद्धा शेजारी असंच सांगतात.

परतताना एजंटने समजावलं. जात सांगूच नका. मिश्र आहे म्हणा, रस्त्यावर सापडला म्हणा. फोटो दाखवायचा तर झोपलेला दाखवा. मी म्हटलं, झोपलेलाच होता.

१४ फेब्रुवारी

आज डोक्यात एक कल्पना आली आणि ती लॅबमध्येच आली, यात नवल नाही. आमची लॅब तळघरात आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यांवरून प्लास्टरचे साचे काढतो आणि कवळ्या करून परत पाठवतो. पेशंट मला कधी दिसत नाही, त्याचा जबडा तेवढा दिसतो. अर्धं गाव मी असं ओळखते. रस्त्यात कोणी हसलं तर वाटतं, अरे, हे तर आपल्याकडचेच.

तर कल्पना अशी. ठोंब्याच्या तोंडात दात असे उरलेलेच नाहीत. लहानपणी साखळी चावून चावून त्याने ते पार झिजवले. सुळ्यांच्या जागी खुंट आहेत. पण त्याच्या तोंडात डोकावणार कोण? म्हणून आपणच दाखवायचं. संध्याकाळी घरी मापाची गुलाबी पेस्ट कालवली, ती तोंडात धरायचा चमचा मोठ्या कुत्र्याला बसेल असा पत्रा वाकवून केला आणि दोन्ही जबड्यांचं माप घेतलं. डॉक्टरांकडचे पेशंट म्हणे माप देताना ओकाऱ्या काढतात. हा गप्प बसून राहिला आणि नंतर वाडगं चाटून स्वच्छ करून दिलं. उद्या प्लास्टर ओतायचं.

१७ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

एका इमारतीत तळमजल्याची जागा होती, मागे छोटी बाग. मालकांची हरकत नव्हती, फक्त इमारतीच्या कमिटीने हो म्हणायला हवं होतं. काल संध्याकाळी कमिटी बसली. मी रुमालात गुंडाळून साचा नेला होता. वर्षभरातलं माझं सगळ्यात सुबक काम. दोन्ही जबडे बिजागरीवर बसवले होते, कवळीचा चावा तपासायला आम्ही बसवतो तसे, म्हणजे उघडमीट करून दाखवता येईल.

टेबलावर ठेवून रुमाल काढला. सांगितलं, हे बघा, सुळे गेलेले आहेत, पुढचे दात तर एकमेकांना टेकतही नाहीत. आणि टेकत नाहीत हे दिसावं म्हणून जबडा मिटवला. प्लास्टरवर प्लास्टर, खटकन आवाज झाला. एका बाईंनी खुर्ची मागे सरकवली. शेजारच्या गृहस्थांनी आपला कप उचलून मांडीवर घेतला. मला वाटलं लांबून नीट दिसलं नसेल, म्हणून साचा पुढे नेऊन पुन्हा मिटवला. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बाई, ते पिशवीत ठेवा. आणि तुम्हीही या आता."

मला अजून उलगडा होत नाही. मी दाखवायला गेले की याला चावता येत नाही, आणि चांगली शिकलेली माणसं प्लास्टरला घाबरली. आज लॅबमध्ये सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. मग एकाने विचारलं, तुम्ही घरी जेवताना असे जबडे टेबलावर ठेवता का? मी म्हटलं, कधी कधी. तेव्हा ते आणखी हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र रडू आलं.

१९ फेब्रुवारी

ताईचा फोन. भावजींशी बोलून तिने मागची खोली रिकामी करायचं ठरवलं आहे. "ये आणि राहा. आयुष्यभर राहा. तू काय आम्हाला जड आहेस का?" मी विचारलं, आणि ठोंब्या? ती म्हणाली, नातवंडं येतात गं सुट्टीत, कसं चालेल. मी म्हटलं, मुलाची ठेव आहे, तो आला की काय सांगू? त्यावर ती म्हणाली, "त्याला आईला फोन करायला कुत्रा लागतो का?"

मी फोन ठेवून दिला. मोठी बहीण असली म्हणून काय वाटेल ते बोलायचं? दिवसभर तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिला मूल परगावी पाठवण्याचं दुःख माहीत नाही. तिचे दोघे तिच्या हाताशी आहेत.

संध्याकाळी मुलाला फोटो पाठवला. अंगठा आला.

२४ फेब्रुवारी

जागा मिळाली. मिळाली! माझा जीव भांड्यात पडला आहे.

सकाळी एजंट म्हणाला, एक मालक आहेत, त्यांना कुत्रा चालेल. चालेल कसला, हवाच आहे म्हणतात. मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच. मालकांना सगळे नाना म्हणतात. निवृत्त आहेत, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी या खेपेला काही लपवलं नाही. पिटबुल आहे, मी म्हटलं. "पिटबुल," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, आवडत्या नटाचं नाव घ्यावं तसं. भुंकतो का? क्वचित. म्हणाले, हरकत नाही, दिसायला आहे तसाच हवा.

घर लहान आहे, वर एकच मजला, तिथे नाना राहतात. त्यांचा जिना बाहेरून. खाली दोन बिऱ्हाडं, पुढे एक आणि मागे माझं. फाटकापासून माझ्या दारापर्यंत एक अरुंद बोळ येतो आणि पुढच्या बिऱ्हाडाचं दारही त्याच बोळात उघडतं. तिथे नानांच्या वहिनी राहतात, थोरल्या भावाच्या बायको. भाऊ गेला, मूलबाळ नाही. पुढचा भाग भाऊ त्यांच्या नावावर करून गेला आहे. सगळं एकत्र असतं तर घराचं काही चांगलं करता आलं असतं, नाना म्हणाले, पण वहिनींना इथून हलायचं नाही.

बोळाच्या भिंतीत नानांनी कडीसुद्धा बसवून ठेवली होती. सिमेंट अजून ओलं होतं. म्हणाले, दिवसा याला इथे बांधत जा, घरात कोंडून ठेवणं बरं नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. वहिनी एकट्या असतात ना. एवढाच माझा आग्रह, जागा या बोलीवर. इतकी वर्षं लोक मला सांगत आले की कुत्रा दिसायला नको, आणि हे म्हणतात दिसलाच पाहिजे. म्हाताऱ्या भावजयीची एवढी काळजी करणारा दीर हल्ली कुठे बघायला मिळतो?

२८ फेब्रुवारी

सामान लागलं. ठोंब्या नव्या घरात सगळे कोपरे हुंगून पलंगाखाली गेला. संध्याकाळी मी वहिनींच्या दारावर टकटक केली. बारीक अंगाच्या आहेत, हातात काठी, केस पांढरेशुभ्र आणि नीट बांधलेले. मी म्हटलं, आता शेजारी आहोत, काही लागलं तर हाक मारा. त्या हसल्या. "बरं झालं कुणी आलं," म्हणाल्या. मग त्यांची नजर कडीवर गेली. तिथून माझ्यावर आली. आणि त्यांनी दार लावून घेतलं, आपटून नाही, अगदी हळू.

इथेही तेच. मला वाटलं होतं या वयात माणूस समजूतदार होतो.

५ मार्च

फाटकावर नानांनी पाटी लावली आहे, कुत्र्यापासून सावध, वर दात विचकणाऱ्या कुत्र्याचं चित्र. आपल्या ठोंब्याच्या तोंडात त्याच्या निम्मेही दात नाहीत. मी नानांना तसं गमतीने म्हटलं, तर म्हणाले, ते लोकांना कशाला सांगायचं?

आज वहिनींची भाची आली होती. फाटकाबाहेरूनच "मावशी, मावशी" ओरडत राहिली. मी बाहेर येऊन म्हटलं, या की, काही करत नाही तो. तिने औषधांची पिशवी फाटकावर अडकवली आणि निघून गेली. मग मी ती नेऊन वहिनींच्या दाराशी ठेवली. आभार तर सोडाच, दार उघडलंही नाही. माझ्यासमोर तरी नाही.

मुलाला नव्या घराचा फोटो पाठवला, ठोंब्या बोळात बसलेला. अंगठा आला आणि वर "मस्त जागा" असे दोन शब्दही. बऱ्याच दिवसांनी शब्द आले.

१२ मार्च

कोपऱ्यावरचा दुकानदार विचारत होता, वहिनी बऱ्या आहेत ना? रोज सकाळी फिरायला जायच्या, येताना इथे पेपर वाचत बसायच्या, आता दिसत नाहीत. मी म्हटलं, मलाही दिसत नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला. दूध टाकणाऱ्या माणसानेही फाटकातून आत यायचं सोडलं आहे. गुडघ्यांना मालिश करायला एक बाई यायच्या, त्याही यायच्या बंद झाल्या, असं दुकानदारानेच सांगितलं.

ठोंब्याचं एक विचित्र आहे. दिवसभर वहिनींच्या दाराच्या फटीला नाक लावून पडलेला असतो, दोर ताणून ताणून. मी कामावरून आले तरी उठत नाही. आणि दारापाशी रोज पावाचा चुरा सांडलेला दिसतो. म्हाताऱ्या बाईंच्या घरात उंदीर झाले असणार. सांगावं तर दार कोण उघडतंय?

सुट्टीच्या दिवशी घरात बसलं की भिंतीपलीकडून त्यांचा रेडिओ ऐकू येतो. त्या लावतात तेच मी ऐकते. त्यांना आवडतं ते गाणं लागलं की आवाज मोठा होतो. कोणाच्या तरी आवडीनिवडी इतक्या जवळून कळायला मला किती वर्षं झाली. मध्ये फक्त एक वीट आहे, आणि तरी मी इकडे आणि त्या तिकडे.

१९ मार्च

आज सकाळी जे झालं ते लिहावं की नाही? इथे नाही तर कुठे लिहिणार?

कामावर जायच्या तयारीत होते. दाराच्या फटीतून बघितलं तर वहिनी आपल्या दारात उभ्या, हातात पिशवी, काठी, पायात बूट. ठोंब्या बोळाच्या मधोमध उभा राहून अख्ख्या अंगाने शेपूट हलवत होता. आनंद झाला की तो माणसाच्या पायांवर रेलतो. धडधाकट माणूसही हेलकावतो त्याने. त्यांना पुढे जाता येत नव्हतं. त्यांनी माझ्या दाराकडे बघितलं आणि थांबल्या. मी बाहेर येऊन दोर आखडून धरायचा, एवढंच करायचं होतं.

मनात आलं, इतके दिवस साधं कशा आहात म्हणून विचारलं नाही बाईंनी. थांबू दे थोडं. मी केस विंचरत राहिले. झालेले केस पुन्हा विंचरले. बाहेर आले तेव्हा दार बंद होतं.

वाईट वाटलं थोडं. फार नाही. मी तर रोज कुणाच्या ना कुणाच्या दाराबाहेर उभी राहिले आहे गेल्या महिन्यात.

२५ मार्च

दोन दिवस गार वारा सुटला आहे आणि ठोंब्याचे सांधे धरले आहेत. सकाळी त्याला आतच ठेवला. थोड्या वेळात नाना जिना उतरून आले.

"कडी रिकामी दिसते."

मी सांगितलं, म्हातारा झालाय, गारठा सोसत नाही. नाना म्हणाले, त्याच्या अंगावर काही टाका, पण बाहेर बांधा. जागा कुठल्या बोलीवर दिली आहे ते विसरू नका. मी धीर करून विचारलं, वहिनींना त्याचा त्रास होतोय का? त्यांच्याकडे कुणी येत नाही हल्ली.

"त्यांनी तक्रार केली का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग झालं तर." आणि हसून म्हणाले, "थोडेच दिवस आता."

कसले थोडे दिवस, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. मला कळलं असं म्हणवत नाही, आणि कळलं नाही असंही म्हणवत नाही. पुन्हा एजंट, पुन्हा ते फोन, पुन्हा "कुठला कुत्रा" आणि ती शांतता, हे सगळं मला आता नको. इथून काढलं तर ताईच्या मागच्या खोलीशिवाय मला जागा नाही, आणि तिथे ठोंब्याला नाही. मग मुलाला काय सांगू?

माझी जुनी शाल त्याच्या अंगावर टाकली आणि बांधला.

३१ मार्च

वहिनी गेल्या.

सकाळी फाटकाबाहेर टेम्पो उभा राहिला. भाची खाली उतरली, पण आत येईना. सामान उचलायला दोन माणसं आली होती, तीही फाटकाशीच घुटमळत होती. मी धावत जाऊन ठोंब्याचा दोर सोडला आणि त्याला माझ्या गुडघ्यात धरून ठेवला, तेव्हा ती आत आली. एक कपाट, पलंग, रेडिओ, दोन ट्रंका. एवढंसंच होतं. नाना वरच्या कठड्याला टेकून बघत होते.

शेवटी वहिनी बाहेर आल्या. मी सवयीने म्हटलं, घाबरू नका, काही करत नाही तो. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, वाकल्या आणि ठोंब्याची हनुवटी तळहातावर घेतली. तो डोळे मिटून उभा राहिला.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कायम कुत्री असायची. पाव फार आवडतो याला."

मी म्हटलं, मग इतके दिवस दार का लावून घेतलंत?

"दार याच्यासाठी नव्हतं लावलं, बाई. तुमच्यासाठी लावलं होतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "भावोजींना मी एकटी पुरून उरले असते. चार वर्षं उरलेच. तुम्ही आलात तेव्हा वाटलं, सोबत आली. मग ते वरून सांगायचे आणि तुम्ही बांधायचात. मी म्हटलं, यांना कळत नसेल. रोज म्हणायचे, आज कळेल. पण त्या दिवशी तुम्ही मला बघितलंत आणि बाहेर आला नाहीत." मग ठोंब्याचं डोकं थोपटून म्हणाल्या, "घरात दोन-दोन माणसं आपल्या जाण्याची वाट बघत असली की कशाला राहायचं?"

मी कुत्र्याचं सांगू लागले. जागा मिळत नव्हती, कुठेच घेत नव्हते, मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणताना जीभ अडखळली. त्यांनी ऐकून घेतलं. भाचीने त्यांना टेम्पोत चढवलं. कुठे चालल्या, पत्ता काय, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांनी सांगितला नसता.

मला माझी लाज वाटते आहे. आत्तापर्यंत मी लोकांवर रागावत होते की ते या मुक्या जिवाला न बघता घाबरतात, आणि या घरात त्याच भीतीच्या जोरावर राहत होते. आणि त्या तर त्याला घाबरतही नव्हत्या.

२ एप्रिल

भिंतीपलीकडे आवाज नाही. ठोंब्या त्या दारापाशी जाऊन पडतो. दोर काढून टाकला तरी तिथेच पडतो.

दुपारी नाना आले ते खुशीत. पुढचा भाग आता आमच्याकडे येतोय, कागद होतील आठवड्याभरात. तुम्हाला हवा असेल तर घ्या, ऊन येतं, दोन खिडक्या आहेत. भाडं तेच. "तुमचा पहिला हक्क. तुमच्या पठ्ठ्याने काम चोख केलं." आणि आता त्याला बाहेर बांधलं नाही तरी चालेल, असंही म्हणाले.

मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. नाही म्हणायला मला संध्याकाळ कशाला लागली? खिडक्यांचा विचार केला मी, खोटं कशाला बोलू. पुढच्या खोलीत जाऊन उभीसुद्धा राहिले. कपाट होतं तिथे भिंतीवर फिक्कट चौकोन आहे. पलंगाच्या जागी फरशी स्वच्छ आहे. माझा पलंग तिथे बरोबर बसला असता.

संध्याकाळी वर जाऊन सांगितलं, मला ती जागा नको, आणि मागचीही महिनाअखेरीला सोडते. नानांना राग आला नाही. त्यांना हसू आलं. म्हणाले, "आणि जाणार कुठे? त्याच्यासकट कोण घेणार तुम्हाला?" त्यांचं खरंच आहे.

मुलाला फोन केला. फोटो न पाठवता, नुसता. मला तुझ्याशी माझ्याबद्दल बोलायचं आहे, असं म्हटलं. तो म्हणाला, ठोंब्या बरा आहे ना? मी म्हटलं, तो बरा आहे. मग तो रविवारी निवांत बोलू म्हणाला. बघू.

त्यानंतर एजंटला लावला. तो वैतागला. एवढी चांगली जागा, कुत्रा मागून घेणारा मालक, असं दुसरं घर त्याला साऱ्या शहरात सापडणार नाही म्हणे. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कुत्र्याने काही केलं का? खरं सांगा."

"नाही," मी म्हटलं. "मी केलं."

तो म्हणाला, "हे पुढच्या मालकांना सांगू नका म्हणजे झालं."